पंख्यापाशी काळं तेल, गिअरकेसमध्ये दुधाळ तेल: बोटीच्या इंजिनाचं दुखणं नेमकं कुठं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या तुमच्या गावाच्या बचाव पथकाकडे फायबरची बोट आहे आणि तिला ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पेट्रोल ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन (आउटबोर्ड मोटर). गेल्या पुरात वापरलं, मग काढून ग्रामपंचायतीच्या गोदामात स्टँडवर उभं ठेवलं. आता मे महिन्यात वरचं बारदान बाजूला केलं तर पंख्याखाली (प्रोपेलरखाली) फरशीवर बशीएवढा काळा चिकट डाग. म्हणून तुम्ही गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल केला, तर आधी चमचाभर पाणी आलं आणि मागून दुधाच्या चहासारखं तेल. गावात एकाने सांगितलं, स्क्रूवर एम-सील थापा. दुसऱ्याने सांगितलं, अख्खी गिअरकेस नवी घ्या.

दोन्ही करू नका. तुम्ही एक गळती म्हणून जे बघताय त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरशीवरचा काळा डाग ही बहुतेक गळतीच नाही. खरं दुखणं त्या चमचाभर पाण्यात आहे. तेल बाहेर येतंय याची काळजी सगळे करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. पाणी आत जातंय ते कुणाला दिसत नाही, आणि इंजिन भर पुरात बंद पाडतं ते तेच. तुम्ही स्क्रू सैल करून बघितलात हे फार चांगलं केलंत.

मी सांगलीत डिझेल पंपसेट आणि नदीवरच्या उपसा मोटारी दुरुस्त करत करत या इंजिनांकडे आलो. २००५ च्या महापुरानंतर पहिलं ओबीएम माझ्या हातात पडलं, २०१९ आणि २०२१ नंतर तर दर उन्हाळ्यात गावोगावची येतात. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी जी बोट उलटली तिचा तेलाशी काही संबंध नव्हता, पण त्या दिवसापासून बोटीचं कुठलंही काम मी उरकून टाकत नाही. म्हणून उत्तरही जरा लांब देतोय.

आधी काळा डाग. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात वेगळं इंजिन ऑइल साठवलेलं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तुमच्या इंजिनाला ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिली लागत असेल, तरी एकदा त्याच्या पुस्तकात बघून घ्या. हे सगळं तेल जळत नाही. उरलेलं काजळीबरोबर धूर जातो त्या वाटेनं खाली उतरतं, आणि या इंजिनांचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्यात जातो. पुरात बोट घरांच्या दाराशी उभी राहते, माणसं चढतात, उतरतात, इंजिन तासन्‌तास मंद चालू असतं. मंद चालीत तेल कमी जळतं आणि वरचं इंजिन व खालचा पंखा यांच्या मधल्या खांबात साचत जातं. मग आठ महिने उभं राहिलं आणि एप्रिल-मेचं ऊन गोदामाच्या पत्र्यावर तापलं, की ते पातळ होऊन पंख्याच्या पोकळीतून ठिपकतं. त्यातून गावाकडे एक सवय आहे, ‘इंजिनाला जपायला’ लिटरमागे ३०-४० मिली तेल घालायचं. त्यानं इंजिन जपलं जात नाही, प्लग काळे होतात आणि असे डाग वाढतात.

खात्री करायला सोपी पद्धत आहे. डागातलं थोडं तेल दोन बोटांत चोळून बघा. धुराचं असेल तर काजळीसारखं बोटाला बसतं, जळक्या पेट्रोलचा वास येतो आणि तार धरत नाही. गिअर ऑइल दाट असतं, बोटं लांब केली की तार धरतं, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. एकदा तो वास नाकात बसला की परत विसरत नाही. तिसरी शक्यता म्हणजे ग्रीस. पंख्याच्या शाफ्टवर आणि इंजिन वळतं त्या बिजागरीत ग्रीस भरलेलं असतं, तेही उन्हात पाझरून तेलासारखं दिसतं. दोन वर्षांपूर्वी एका गावाने ‘सील गेलं’ म्हणून इंजिन टेम्पोत घालून आणलं होतं. ते नुसतं पाझरलेलं ग्रीस निघालं. फडक्याने पुसून परत दिलं.

तेल जिथं पडलं तिथंच गळतंय असंही धरून चालू नका. ते अंगावरून ओघळत खालच्या टोकाला येतं. सगळं इंजिन बाहेरून रॉकेलने पुसून कोरडं करा, जोडांवर लहान मुलांच्या अंगाला लावतात ती पावडर भुरभुरा, खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू झालेली दिसेल, ते मूळ.

आता मुख्य गोष्ट, गिअरकेस. पंख्याच्या पुढचा तो गोळ्यासारखा भाग. त्यात फार तर अर्धा लिटरच्या आसपास तेल असतं आणि तेवढ्यावर दोन-तीन दात्री चाकं आणि बेअरिंगं जगतात. बाहेर पाणी, आत तेल, मध्ये रबराची सीलं. पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो तिथं सीलं असतात, बहुतेक दोन. वरून इंजिनाचा उभा शाफ्ट आत उतरतो तिथं, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाखाली, सीलं असतात. गिअर बदलायची कांडी आत जाते तिथं एक. पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग ज्या भांड्यात बसतं त्याच्या कडेला ओ-रिंग. आणि तेल भरायचे दोन स्क्रू, त्यांचे वायसर. पाणी शिरायला एवढ्याच वाटा आहेत. अपवाद फक्त गिअरकेस कुठं आदळून चिरली असेल तर, म्हणून ती हाताने चाचपून बघा, विशेषतः खालच्या पात्यापाशी.

लोक विचारतात, तेल तर बाहेर आलं नाही, मग पाणी कसं आत गेलं? तास-दोन तास चालून गिअरकेस गरम होते. आतलं तेल आणि हवा फुगते. इंजिन बंद केलं की ती पुराच्या गार पाण्यात झपाट्याने थंड होते, आत आकुंचन होतं आणि ओढ तयार होते. सील जरा जरी दुबळं असेल तर ती ओढ बाहेरचं पाणी आत घेते. बाहेर एक थेंब तेल न दिसता हे वर्षानुवर्षं चालू शकतं. पाणी तेलापेक्षा जड, उभं ठेवलं की तळाशी बसतं. म्हणून तुमच्या स्क्रूतून आधी पाणी आलं. मागचं तेल दुधाळ होतं याचा अर्थ पाणी आत असताना इंजिन चाललंय आणि चाकांनी ते घुसळून टाकलंय.

आता हात घालायच्या आधी दोन्ही प्लगच्या टोप्या काढून ठेवा आणि किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची) दोरीही. गिअरमध्ये असताना पंखा फिरवला तर इंजिन फिरतं, आणि टू-स्ट्रोक चुकून पेट घेऊ शकतं. हे न चुकता करा.

पहिल्यांदा स्वस्तातलं बघा: दोन्ही स्क्रूंचे वायसर. दर वेळी तेल बदलताना ते नवे लागतात आणि दर वेळी जुनेच परत बसवले जातात. कधी कधी सगळ्या दुखण्याचं मूळ तेवढंच निघतं. एम-सीलला माझा विरोध यासाठीच आहे. ते बाहेरून तोंड बंद करतं, आतलं सील तसंच राहतं, आणि पुढच्या वेळी स्क्रू काढताना त्याचं डोकं तुटतं किंवा ॲल्युमिनियमचे आटे बाहेर येतात. एक सूचना अजून. काही जुन्या इंजिनांत ऑइलच्या स्क्रूजवळ फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो गिअर बदलायच्या कांडीचा आहे. तो काढलात तर आतली कांडी सुटते आणि गिअरकेस उघडल्याशिवाय परत बसत नाही.

तेल पूर्ण काढताना खाली स्वच्छ घमेलं धरा आणि खालच्या स्क्रूचं लोहचुंबक बघा. बऱ्याच इंजिनांत ते असतं. त्यावर राखाडी बारीक चिखल असणं नेहमीचं आहे. चमकणारे तुकडे, किंवा नखाने उचलता येतील असे कण असतील तर चाकाचे दात किंवा बेअरिंग गेलं, आणि मग सीलं बदलून भागणार नाही. तुमच्या बाबतीत आठ महिने पाणी आत उभं होतं, त्यामुळे बेअरिंगला गंज धरल्याची भीती खरी आहे. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने हळू फिरवा. लोण्यासारखा फिरला तर देव पावला. वाळू चावल्यासारखी कुरकुर लागली तर गिअरकेस उघडावीच लागेल. निघालेलं तेल कृपा करून नदीत किंवा ओढ्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. तेच पाणी आपण पितो.

मग पंखा काढा. कॉटर पिन, नट, वायसर, पंखा, आणि त्याच्या मागचं जाड कडं. कोणती बाजू कुठं होती त्याचे फोटो काढत चला. त्या कड्याच्या मागे बघा. माझा अनुभव असा की आपल्या भागात दहातल्या सहा-सात गिअरकेसमध्ये पाणी इथूनच शिरतं. समुद्रावर मासेमारीच्या तंगुसाचा त्रास असतो. आपल्याकडे तो आहेच, शिवाय पुराच्या पाण्यात बोट उसाच्या फडावरून, द्राक्षबागेच्या तारांवरून, ठिबकच्या नळ्यांवरून जाते. नायलॉनची सुतळी, ठिबकची नळी, वाहत आलेली साडी पंख्यात अडकते. वरवरचं कापून माणसं पुढं निघतात, तेव्हा दुसरं सुचणारही नाही. पण एखादा दोरा कड्याच्या मागे सरकतो, शाफ्टभोवती आवळत जातो, फिरण्याने गरम होऊन वितळतो आणि सीलच्या ओठात सुरीसारखा घुसतो. मी तिथून दोऱ्याची अक्षरशः काळी बांगडी काढली आहे. तुमच्या इंजिनात तशी बांगडी सापडली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

पण दोरा सापडला म्हणून तपास संपला असं समजू नका. कुठलं सील गळतंय हे हवेने सिद्ध करायचं. तेल काढलेल्या रिकाम्या गिअरकेसला खालच्या भोकात नोझल लावायचं, वरचा स्क्रू नव्या वायसरसह घट्ट, आणि हातपंपाने हवा भरायची. नोझल टर्नरकडून पितळेचं करून घ्या, स्क्रू सोबत नेला तर तो आटे जुळवून देतो. पंप सायकलचा चालेल, पण मध्ये दाब दाखवणारा ० ते ३० पीएसआयचा काटा हवाच. आधी फक्त ५ पर्यंत भरा आणि थांबा. काही सीलं कमी दाबाला गळतात आणि दाब वाढला की ओठ शाफ्टला चिकटून गप्प बसतात, सरळ जास्त दाब दिला तर ती सापडत नाहीत. मग १०-१२ वर न्या. १५ च्या वर जाऊ नका, चांगलं सीलही जागेवरून उठेल. गॅरेजमधला टायरचा कॉम्प्रेसर तर लावूच नका.

काटा दहा मिनिटं हलता कामा नये. त्या वेळात पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, थोडा वर-खाली दाबा, गिअर पुढे-मागे करा, कारण बरीच सीलं स्थिर असताना धरतात आणि शाफ्ट हलला की सोडतात. वरचा उभा शाफ्ट फिरवायचा असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच, नाहीतर पंपातल्या रबरी इंपेलरच्या पाकळ्या उलट्या वळतात. काटा उतरला तर साबणाचा फेस लावा, किंवा सरळ गिअरकेस पाण्याने भरलेल्या टिपाडात बुडवा. बुडबुडे शाफ्टला चिकटून आले तर शाफ्टचं सील. भांड्याच्या कडेने आले तर ओ-रिंग. वरून पंपाखालून आले तर उभ्या शाफ्टचं, आणि त्यासाठी गिअरकेस मधल्या खांबापासून उतरवून पंप काढून बघावं लागेल. कांडीपाशी आले तर कांडीचं.

दाबाची परीक्षा पास झाली तरी उलट ओढीचीही घ्या. कारण मघाशी सांगितलं तसं, पाणी ओढीने आत येतं, आणि पाणी अडवणारा ओठ वेगळा असतो. ब्रेकची हवा काढायचा जो हातपंप चारचाकीच्या गॅरेजमध्ये असतो, तो उसना आणला तरी काम होतं. कुठल्याही मिस्त्रीला काम देताना ‘दोन्ही बाजूंनी तपासलं का’ एवढं नक्की विचारा.

सीलं बदलताना मी एकदा मोठी चूक केली, ती सांगतो. २०२१ चा पूर ओसरल्यावर एक इंजिन आलं. पंख्याच्या शाफ्टची सीलं बदलली, दिलं. पंधरा दिवसांत तेल परत दुधाळ. परत सीलं बदलली, परत तेच. तिसऱ्या वेळी शाफ्ट उजेडात धरून नख फिरवलं तर सीलचा ओठ बसतो तिथं बारीक चर पडलेली होती. जुन्या सीलमध्ये गाळ अडकून त्याने पोलाद खाल्लं होतं. अशा चरीवर नवं सील कितीही भारी लावा, ते पहिल्या दिवसापासून गळणार. नख अडकलं तर तिथं पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी लागते, किंवा भांड्यात जागा असेल तर सील मिलिमीटरभर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणायचा. त्या गावाचे दोन फेरे आणि दोन वेळचं तेल माझ्यामुळे वाया गेलं, मी पैसे परत केले. तेव्हापासून शाफ्टवर नख फिरवल्याशिवाय नवं सील मी उघडत नाही.

शाफ्ट वाकलाय का तेही त्याच वेळी बघा. बंधाऱ्याचा दगड किंवा बुडालेला विजेचा खांब लागला असेल तर हे होतं. शाफ्टच्या टोकाजवळ पेन्सिल स्थिर धरा आणि शाफ्ट फिरवा. पेन्सिल आणि शाफ्टमधली फट कमी-जास्त होत असेल तर तो लंगडतोय, आणि लंगडा शाफ्ट नवं सील काही तासांत खातो. शाफ्ट बदलण्याला पर्याय नाही.

सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. मूळ पार्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर सांगली-मिरजेत किंवा कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचं मिळतं. फक्त आतली गोल स्प्रिंग स्टेनलेसची मागा. साधी स्प्रिंग पाण्यात गंजते, तुटते आणि सील सैल पडतं. दोन सीलांपैकी एकाचा ओठ आत तेलाकडे आणि दुसऱ्याचा बाहेर पाण्याकडे असेल, तर जुनी काढताना कुठलं कुठं होतं ते लिहून ठेवा. ओठावर कोरडं बसवू नका, पाण्यात टिकणारं ग्रीस लावा, आणि दोघांच्या मधल्या जागेतही भरा. एक गळत असलं तरी दोन्ही बदला. गिअरकेस खाली उतरवलीच असेल तर इंपेलरही बदलून घ्या. गढूळ पाण्याने तो झिजलेलाच असणार.

ज्यांच्याकडे फोर-स्ट्रोक इंजिन आहे त्यांच्यासाठी थोडं. गिअरकेसचं वरचं सगळं त्यांनाही लागू आहे, पण त्या इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे वरच्या भागात, वेगळं इंजिन ऑइल असतं. झाकणाखाली तेल दिसलं तर आधी ऑइल फिल्टर बघा: जुनं रबर चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला की गळतो. मग व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरलेलं असलं तरी बाहेर येतं. आणि ही इंजिनं आडवी ठेवायची तर ठरलेल्या बाजूवरच. टेम्पोत उलट बाजूवर टाकलं की तेल सिलिंडरमध्ये आणि हवेच्या वाटेत जातं. डिपस्टिकवर तेल न घालता पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर ते चालवू नका.

कुठल्याही इंजिनाच्या झाकणाखाली पेट्रोलची ओल असेल तर मात्र ते सगळ्यात आधी बघा, कारण तिथं आग लागते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल उडून जातं आणि निळसर किंवा हिरवट तेल मागे राहतं, त्यामुळे माणसं तेलाची गळती समजतात. ते बहुतेक कार्बोरेटरचं पॅकिंग, फ्लोटची सुई किंवा नळीचा जोड असतो.

दुरुस्तीनंतर तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालून नळी काढून पटकन खालचा. किती मिली बसलं ते मोजा आणि तारखेसकट इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. पुढच्या वेळी कमी निघालं तर तेच तुम्हाला सांगेल.

वेळेचा हिशोबही धरा. सांगलीच्या इर्विन पुलापाशी पाणी इशारा पातळीच्या ४० फुटांकडे निघालं की रस्ते बंद व्हायला लागतात, मग पार्ट मिळत नाही आणि मिस्त्रीही पोहोचत नाही. म्हणून सीलं, दोन-चार वायसर आणि एक लिटर गिअर ऑइल आताच आणून ठेवा. आणि समजा काम पूर्ण व्हायच्या आधी पूर आलाच, बेअरिंग कुरकुरत नसेल, चुंबकावर तुकडे नसतील, तर दुधाळ तेल काढून, थोड्या ताज्या तेलाने आतून धुऊन, नवं भरून ते इंजिन काही दिवस चालवता येतं. मात्र रोज संध्याकाळी तेल बदलायचं, आणि ती बोट एकटी लांब सोडायची नाही. सोबत दुसरी बोट, आणि बोटीत वल्ही हवीतच.

चाचणी टिपाडात घ्या. पाणी शिरायच्या जाळीच्या वर हातभर पाणी असू द्या, पंखा काढलेला, १५ मिनिटं. पाण्याशिवाय एक मिनिटही नको, इंपेलर जळतो. मग बंद करून गिअरकेस तशीच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे ती ओढ खरोखर लागेल. बाहेर काढून रात्रभर उभं ठेवा. सकाळी वरचा स्क्रू न हलवता खालचा अर्धा फेराच सैल करा, एक-दोन थेंब कोऱ्या कागदावर घ्या, आणि रंग काय दिसतो ते मला कळवा.